हातोडा पडेल तीच किंमत
जुनी एसयूव्ही दान करण्याआधी

अमेरिकेत डिसेंबर जवळ आला की रेडिओवर एक आर्जव सतत कानावर पडतं: तुमची जुनी गाडी आम्हाला द्या. चालू असो, बंद असो, फुकट ओढून नेऊ, वर टॅक्समध्ये सूट. न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत अनेक मराठी घरांच्या ड्राइव्हवेवर दहा-बारा वर्षांची बीएमडब्ल्यू एक्स५, ऑडी क्यू७ नाहीतर रेंज रोव्हर उभी असते. मुलं कॉलेजला गेलेली, मागच्या सीटवर कुणी बसत नाही, सस्पेन्शनचा दिवा लागलेला आणि मेकॅनिकने हातात चार आकडी एस्टिमेट ठेवलेलं. विकायला काढायची तर अनोळखी माणसं दारात येणार, टायरला लाथ मारून बघणार, घासाघीस करणार. त्यापेक्षा देऊन टाकू. पुण्यही पदरात पडेल, करही वाचेल, असं वाटणं साहजिक आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी चालू स्थितीत असेल आणि बाजारात तिला गिऱ्हाईक असेल, तर बहुतेक वेळा ती दान करू नका. विका, आणि आलेले पैसे दान करा. गाडीच द्यावी असे प्रसंग आहेत, त्यांच्याकडे पुढे येतोच. पण 'गाडी द्या, सूट घ्या' हे जेवढं सोपं ऐकू येतं तेवढं ते २००५पासून राहिलेलं नाही, आणि महागड्या एसयूव्हीच्या बाबतीत तर मुळीच नाही.

२००५च्या आधी काय चालायचं ते बघण्यासारखं आहे. किमतींचं पुस्तक उघडायचं, त्यात आपल्या मॉडेलसमोर जो आकडा असेल तो रिटर्नमध्ये लिहायचा. गाडीचं पुढे काय झालं हे विचारायला कुणी नव्हतं. नोव्हेंबर २००३मध्ये अमेरिकी संसदेच्या जीएओ या हिशेब-तपासणी संस्थेने एक अहवाल दिला. २००० सालच्या रिटर्नमध्ये सुमारे ७ लाख ३३ हजार करदात्यांनी गाडीदानाची वजावट घेतली होती. त्यांपैकी ५४ गाड्यांचा माग जीएओने काढला, तेव्हा दोन-तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत दान घेणाऱ्या संस्थेच्या हाती पडलेली रक्कम दात्याने दाखवलेल्या किमतीच्या ५ टक्के किंवा त्याहूनही कमी निघाली. म्हणजे दात्याने ४,००० डॉलरचं दान दाखवायचं आणि अनाथालयाला २०० मिळायचे. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि १ जानेवारी २००५पासून नवा नियम लागू झाला.

नियम असा: ५०० डॉलरच्या वर वजावट घ्यायची असेल आणि संस्थेने ती गाडी विकून टाकली, तर विक्रीतून जेवढी रक्कम आली तेवढीच तुमची वजावट. पुस्तकातली किंमत नाही, तुमच्या मनातली नाही, तीन वर्षांपूर्वी डीलरने सांगितलेली तर नाहीच. लिलावात हातोडा पडला तो आकडा. आणि दानात आलेल्या बहुतेक गाड्या लिलावातच जातात.

आता महागडी एसयूव्ही लिलावात मार का खाते ते बघा. पंधरा वर्षांची टोयोटा कॅमरी लिलावाच्या आवारात आली की तिथल्या वापरलेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला ती डोळे मिटून घेता येते; तिचे पार्ट स्वस्त, मेकॅनिक गल्लोगल्ली. त्याच आवारात बारा वर्षांची रेंज रोव्हर आली की तोच व्यापारी दोन पावलं मागे सरकतो. गाडी रात्रभर उभी राहून एका कोपऱ्यात खाली बसली असेल, तर एअर सस्पेन्शन गेलं म्हणून समजायचं. इंजिन थंड असताना पुढून खडखड आवाज आला, तर त्याच्या डोक्यात टायमिंग चेनचा हिशेब सुरू होतो. २० किंवा २१ इंची चाकांचे चार टायर घालायचे तर हजार-पंधराशे डॉलर सहज जातात. विक्री 'जशी आहे तशी', टेस्ट ड्राइव्ह जवळपास नाहीच. म्हणून जी काही शंका असेल तिची किंमत तो आधीच वजा करून बोली लावतो. तुम्ही ६५ हजारांना घेतलेली गाडी तिथे कवडीमोलाने जाते, आणि त्यात संस्थेचा काहीही दोष नसतो.

आकडे मांडून बघू. आकडे मानलेले आहेत, पण प्रमाण साधारण असंच पडतं. समजा तुमच्या एक्स५ला थेट गिऱ्हाइकाकडून १२,००० डॉलर येतील, डीलर ९,५०० देईल आणि लिलावात ती ६,०००ला जाईल. दान केलीत तर तुमची वजावट ६,०००. तुमचा वरचा कराचा टप्पा २४ टक्क्यांचा असेल तर वाचणारा कर १,४४०. संस्थेला मात्र ६,००० मिळत नाहीत. गाडी ओढून नेणं, लिलावाची फी आणि मधल्या कंपनीचा वाटा वजा होतो. तो सगळा मिळून ३० टक्के धरला तर संस्थेच्या हाती ४,२०० उरतात. आता दुसरा रस्ता. गाडी डीलरला ९,५००ला विकली आणि सगळे पैसे त्याच संस्थेला चेकने दिले. संस्थेला ९,५००, तुमची वजावट ९,५००, वाचणारा कर २,२८०. स्वतःच्या वापरातली गाडी घेतलेल्या किमतीपेक्षा कमीत विकली जाते, त्यामुळे त्या विक्रीवर करही लागत नाही. हा तोटा रिटर्नमध्ये दाखवता येत नाही ही गोष्ट वेगळी.

या दुसऱ्या रस्त्याला आणखी एक फाटा आहे, आणि आपल्या आयटीवाल्या मंडळींच्या तो लक्षातच येत नाही. मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम कंपनीही घालते, वर्षाच्या ठरावीक मर्यादेपर्यंत. ही जोड सहसा रोख देणगीला मिळते. दारातून ओढून नेलेल्या गाडीला मिळत नाही. म्हणजे ९,५००चे १९,००० होऊ शकतात. विकण्याचा त्रास कमी करायचा असेल तर कारमॅक्ससारख्या ठिकाणी गाडी दाखवली की अर्ध्या-पाऊण तासात लेखी भाव मिळतो आणि तो सात दिवस टिकतो. दोन-तीन ठिकाणचे भाव घ्या. कुणालाही घरी बोलवावं लागत नाही, टायरला कुणी लाथ मारत नाही.

पण ही सगळी वजावट तुमच्या कामाची आहे का, हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायचा. गाडीदानाची वजावट मिळते ती रिटर्नमध्ये आयटमाइझ करणाऱ्याला, म्हणजे एकेक वजावट वेगळी मांडणाऱ्याला. नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नला २०२५साठी ३१,५०० आणि २०२६साठी ३२,२०० डॉलरचं स्टँडर्ड डिडक्शन आहे. घराचं व्याज, राज्याचे आणि मालमत्तेचे कर, देणग्या असं सगळं मिळून त्याच्या वर जात नसेल, तर गाडी दान करून करात एक पैसाही वाचत नाही. इकडे न्यू जर्सीत मालमत्ता कर इतका आहे, की राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीची मर्यादा दहा हजारांवरून चाळीस हजारांवर गेल्यापासून कित्येक घरं पुन्हा आयटमाइझ करायला लागली आहेत. टेक्सासमध्ये गृहकर्ज फेडून मोकळ्या झालेल्या जोडप्याचं चित्र उलट असतं.

२०२६पासून दोन बदल झाले आहेत. आयटमाइझ करणाऱ्यांच्या देणग्यांतून त्यांच्या उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याइतका पहिला भाग मोजलाच जात नाही. अडीच लाख डॉलर उत्पन्न असेल तर पहिले १,२५० डॉलर गेले. आणि स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्यांनाही आता देणगीसाठी थोडी वेगळी वजावट मिळते, एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत. पण फक्त रोख देणगीला. गाडी ही रोख नव्हे. म्हणजे गाडी विकून पैसे देण्याच्या बाजूने सरकारनेच आणखी एक कारण तयार करून ठेवलं आहे.

डॉक्टर, दंतवैद्य आणि स्वतःचा व्यवसाय असलेल्यांनी पुढचा परिच्छेद दोनदा वाचावा. ज्या गाडीचं ग्रॉस वेट रेटिंग ६,००० पौंडांहून जास्त असतं, ती व्यवसायासाठी घेतली तर पहिल्याच वर्षी किमतीचा मोठा हिस्सा, कधी कधी पूर्ण किंमतसुद्धा, घसारा म्हणून दाखवता येतो. मोठ्या एसयूव्ही बऱ्याचदा या रेषेच्या वर असतात, आणि म्हणूनच डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्याच्या नावावर एवढ्या गाड्या घेतल्या जातात. अशी गाडी पुढे दान करताना गंमत होते. तिची किंमत तुमच्या वह्यांत शून्य झालेली असते. ती विकली असती तर आलेली रक्कम घसाऱ्यापोटी साधं उत्पन्न म्हणून करपात्र झाली असती, आणि कायदा म्हणतो की तेवढी रक्कम दानाच्या वजावटीतून कमी करा. पूर्ण घसारा घेतलेली, २५ हजारांची गाडी दान केलीत, तर वजावट शून्य. एकाच गाडीवर दोनदा सूट मिळत नाही. शिवाय टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, तुमचं नाव नसून दवाखान्याच्या कंपनीचं असेल, तर दाता ती कंपनी ठरते, तुम्ही नव्हे. सीपीएला, म्हणजे कर सल्लागाराला, फोन टो ट्रकवाल्याच्या आधी करायचा तो यासाठी.

मग गाडीच द्यावी कधी?

पहिला प्रसंग अगदी साधा. इंजिन बसलंय, ट्रान्समिशन गेलंय, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त आहे आणि डीलर तोंड फिरवतोय. अशी गाडी दारातून हलवणं हेच काम असतं. संस्था फुकट घेऊन जाते, चार पैसे मिळवते. गाडी ५०० डॉलर किंवा त्याहून कमीला गेली, तरी ५०० किंवा गाडीची खरी बाजारभावाची किंमत, यांत जी कमी असेल तेवढी वजावट घेता येते. इथे खुशाल द्या.

दुसरा प्रसंग जास्त महत्त्वाचा. संस्था ती गाडी विकणार नसेल, स्वतः वापरणार असेल, तर लिलावाचा नियम लागू होत नाही. गाडीच्या पूर्ण बाजारभावाची वजावट मिळू शकते. पण 'वापर' म्हणजे संस्थेच्या आवारात सहा महिने उभी ठेवणं नव्हे. अंतर्गत महसूल विभागाने, म्हणजे आयआरएसने, दिलेलं उदाहरण असं आहे: संस्थेने वर्षभरात ती गाडी १०,००० मैल चालवून गरजूंच्या घरी जेवण पोचवलं, तर तो खराखुरा वापर. एखाद्या ग्रामीण दवाखान्याला बर्फात चालणारी चारचाकी ड्राइव्हची गाडी हवी असते, एखाद्या अन्नछत्राला मोठी डिकी हवी असते. अशा ठिकाणी चांगली राखलेली लेक्सस जीएक्स सोन्यासारखी. तिसरा प्रसंग, संस्था गाडीची मोठी दुरुस्ती करून तिची किंमत ठळकपणे वाढवणार असेल तर. धुणं-पुसणं, रंग मारणं, पोचे काढणं ही त्यात मोजली जात नाहीत. चौथा, संस्था गरजू कुटुंबाला ती फुकट किंवा बाजारभावापेक्षा खूप कमी किमतीत देणार असेल तर, आणि असं देणं हे त्या संस्थेचं कामच असेल तर.

अशा संस्था आहेत. मेरीलँडमधली व्हेइकल्स फॉर चेंज ही १९९९मध्ये सुरू झाली. दानात आलेल्या गाड्या दुरुस्त करून ती कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना अल्प किमतीत देते, आणि तुरुंगातून सुटून आलेल्यांना तिथे मेकॅनिकचं काम शिकवलं जातं. व्हर्माँटमध्ये गुड न्यूज गॅरेज १९९६पासून असंच काम करते. पण इथेही प्रामाणिकपणे विचार करा. नोकरीवर जायला गाडी नाही म्हणून ज्या आईला ही गाडी मिळणार, तिला पोर्शे कायेन परवडेल का? दर भरणीला महागडं प्रीमियम पेट्रोल, ब्रेक पॅड बदलायचे तर हजाराचं बिल, विम्याचा हप्ता जास्त. शहाण्या संस्था अशी गाडी कुटुंबाला देतच नाहीत. ती विकतात आणि त्या पैशांतून दोन कोरोला तयार करतात. म्हणजे फिरून लिलावाचाच नियम आला. लेक्सस आरएक्स किंवा अॅक्युरा एमडीएक्स असेल तर गोष्ट वेगळी. त्या नावाने महागड्या असल्या तरी पोटाने टोयोटा आणि होंडाच.

त्यामुळे गाडी नेण्याआधी संस्थेला एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या: फॉर्म १०९८-सीवर तुम्ही कुठल्या चौकटीत खूण करणार? हा फॉर्म म्हणजे गाडीदानाचा सातबारा. त्यावर गाडीचा व्हीआयएन नंबर असतो, ओडोमीटरचं वाचन असतं, आणि खाली चौकटी. ४ए मध्ये खूण असेल तर गाडी तिऱ्हाइताला विकली. ४बी मध्ये विक्रीची तारीख, ४सी मध्ये आलेली रक्कम, आणि तीच तुमची वजावट. ५ए मध्ये खूण असेल तर संस्था गाडी वापरणार किंवा तिची मोठी दुरुस्ती करणार. ५बी म्हणजे गरजूला देणार. फोनवरचा गोड आवाज 'पूर्ण किमतीची सूट मिळेल' म्हणत असेल आणि फॉर्मवर ४ए येणार असेल, तर तो आवाज तुमच्या उपयोगाचा नाही.

५ए किंवा ५बी असेल आणि किंमत ५,००० डॉलरच्या वर असेल, तर योग्य पात्रतेच्या मूल्यांककाकडून लेखी मूल्यांकन करून घ्यावं लागतं. ते दानाच्या तारखेच्या ६० दिवसांहून जुनं चालत नाही. फॉर्म ८२८३च्या 'बी' भागावर मूल्यांकक आणि संस्था या दोघांच्या सह्या लागतात. 'बाजारभाव' म्हणजे डीलरच्या काचेवर लावलेली किंमत नव्हे; तसाच मैलांचा आकडा, तशीच अवस्था असलेली गाडी एका माणसाने दुसऱ्याला किती रुपयांना, चुकलो, डॉलरांना विकली असती, ती किंमत. आणि ड्रायव्हरच्या सीटचं लेदर फाटलेलं असेल तर ते फाटलेलंच धरायचं.

कुणाला द्यायची

रेडिओवर ऐकू येणारा नंबर बऱ्याचदा संस्थेचा नसतो. मध्ये एक कंपनी असते. ती फोन घेते, टो ट्रक पाठवते, लिलाव करते, कागद करते आणि आपला वाटा काढून उरलेलं संस्थेला देते. यात काही बेकायदेशीर नाही. लहान संस्थेला स्वतःचा टो ट्रक कुठून परवडणार? पण वाटा किती, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. काही ठिकाणी टक्केवारी असते, काही ठिकाणी संस्थेला दर गाडीमागे फक्त ठरावीक रक्कम मिळते. संस्थेला ठरावीकच रक्कम मिळत असेल तर महागडी एसयूव्ही देऊन तुम्ही संस्थेला नव्हे, मधल्या कंपनीला दान देताय.

पैसा कुठे खर्च होतो हेही बघावं लागतं. ज्यांच्या जाहिरातीचं गाणं अमेरिकेतल्या प्रत्येक पोराला पाठ आहे, त्या कार्स फॉर किड्सबद्दल २०१७मध्ये मिनेसोटाच्या अॅटर्नी जनरल कार्यालयाने अहवाल दिला होता. २०१२ ते २०१४ या काळात त्या राज्यातून ३० लाख डॉलरच्या वर रक्कम गोळा झाली आणि तिथल्या मुलांवर त्यातली एक टक्क्याहूनही कमी खर्च झाली, असं त्यात म्हटलं होतं. पैशाचा मोठा भाग न्यू जर्सीतल्या ज्यू धार्मिक शिक्षणाच्या एका संस्थेकडे जातो. ज्याला ते काम पटतं त्याने जरूर द्यावं. पण गाणं ऐकून दिलं आणि पैसा कुठे गेला ते नंतर कळलं, असं व्हायला नको.

आयआरएसच्या संकेतस्थळावर करमुक्त संस्थांची शोधसोय आहे. संस्थेचं नाव टाकलं की देणगी वजावटीला पात्र आहे की नाही ते कळतं. आपलं स्थानिक मंडळसुद्धा तिथे एकदा शोधून बघा. बरीच मंडळं ५०१(सी)(३), म्हणजे देणगीच्या वजावटीला पात्र, आहेत, पण सगळीच असतील असं धरून चालू नका. देवळाला गाडी द्यायची असेल आणि पुजाऱ्यांच्या येण्याजाण्यासाठी ती रोज वापरली जाणार असेल, तर ते चांगलं दान आहे. फक्त देवळाची समिती स्वयंसेवकांची असते आणि १०९८-सी हे नाव त्यांतल्या अनेकांनी ऐकलेलंही नसतं. तो फॉर्म भरून द्यायची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवा. आरतीनंतर सभामंडपात उभ्या उभ्या ठरलेलं एप्रिलपर्यंत कुणाच्याच लक्षात राहत नाही.

भाच्याला किंवा ओळखीच्या विद्यार्थ्याला गाडी दिली तर ते कौतुकाचं आहे, पण दान नव्हे. त्याची वजावट मिळत नाही. तसंच महाराष्ट्रातल्या एखाद्या ट्रस्टला थेट पैसे पाठवले तर अमेरिकेत वजावट नाही, आणि तुम्ही अमेरिकी नागरिक झाला असाल तर त्या ट्रस्टकडे परदेशी देणगी घेण्याची एफसीआरए नोंदणी असावी लागते. गावाकडच्या कामाला हातभार लावायचा असेल, तर गाडी विकून महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या इथे नोंदलेल्या संस्थेमार्फत पैसे देणं हा सरळ रस्ता. पुण्याहून वडील फोनवर विचारतील की इकडे आपली जुनी इनोव्हा आश्रमाला दिली तर ८०जीची करसवलत मिळेल का. नाही मिळत. भारतात ८०जी वस्तूच्या दानाला लागूच नाही, तेही फक्त पैशाला. तिथेही उत्तर तेच निघतं.

कागद

सगळ्यात जास्त गाडं अडतं ते टायटलवर. गाडीवर कर्ज होतं आणि ते फिटलं, तरी टायटलवर बँकेचं नाव छापलेलं राहतं. बँकेचं कर्जमुक्तीचं पत्र शोधून ठेवा, नाहीतर टो ट्रक आला तसा परत जाईल. लीजवरची गाडी दान करताच येत नाही, ती तुमची नसतेच. टायटलवर नवरा-बायको दोघांची नावं असतील तर मधला शब्द बघा. बऱ्याच राज्यांत 'ऑर' असेल तर एकाची सही चालते, 'अँड' असेल तर दोघांची लागते. बायको दोन महिन्यांसाठी नाशिकला गेलीय आणि ट्रक दारात उभा आहे, असा प्रकार व्हायला वेळ लागत नाही. सही करताना चूक झाली तर खोडू नका, पांढरी शाई तर अजिबात नको. खाडाखोड झालेलं टायटल कित्येक राज्यांत बाद होतं आणि नवीन काढायला आठवडे जातात.

घेणाऱ्याच्या जागी संस्थेचं किंवा तिने लेखी कळवलेल्या कंपनीचं नाव लिहा. ती जागा कोरी ठेवून सही कधीच करू नका. कोऱ्या टायटलवर गाडी तीन हातांतून फिरते, चौथा माणूस लाल दिवा तोडतो आणि दंड तुमच्या घरी येतो. म्हणून मालकी सोडल्याचं मोटार विभागाला स्वतः कळवा. कॅलिफोर्नियात हे पाच दिवसांच्या आत कळवायचं असतं, आरईजी १३८ नावाच्या फॉर्मवर, ऑनलाइनही चालतं. टेक्सासमध्ये त्यासाठी तीस दिवस आहेत. नंबर प्लेटचा नियम राज्यागणिक बदलतो: कॅलिफोर्नियात साधी प्लेट गाडीबरोबर जाते, न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत ती काढून परत करायची असते. या दोन राज्यांत प्लेट परत केल्यावरच विमा बंद करा, आधी नाही. २०११ किंवा त्यानंतरचं मॉडेल असेल तर ओडोमीटरचा आकडाही लिहून द्यावा लागतो.

विमा बंद केल्यावर उरलेल्या हप्त्याचे पैसे परत मिळतात, ते माहीत असतं. माहीत नसतं ते हे: गाडी घेताना डीलरने गळ्यात मारलेला सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट अजून शिल्लक असेल, तर तो रद्द करून उरलेल्या मुदतीचे पैसे बहुधा परत मागता येतात. महागड्या गाड्यांवर ही रक्कम शेकड्यांत असू शकते. ग्लव्ह बॉक्समधले कागद चाळताना तो करार हमखास सापडतो.

गाडी रिकामी करताना

डॅशबोर्डवरचा गणपती काढून घ्या. आणि ई-झेडपासचं यंत्र काढा. ते काचेवर राहिलं तर पुढचे टोल तुमच्या खात्यातून जातील. नंतर गाडीच्या पडद्यावर जाऊन फॅक्टरी रीसेट करा, कारण त्यात तुमचा फोन, सगळे संपर्क आणि 'होम' नावाखाली घराचा पत्ता साठवलेला असतो. आरशाखाली गॅरेजचं दार उघडणारी तीन बटणं असतात, त्यांची स्मृती वेगळी पुसावी लागते. पत्ता आणि गॅरेजची किल्ली या दोन्ही गोष्टी एकत्र अनोळखी माणसाच्या हाती देण्यात अर्थ नाही. फोनवरच्या बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीजच्या अॅपमधूनही गाडी काढून टाका. हे उलट बाजूनेही महत्त्वाचं आहे: अॅप तसंच राहिलं तर नव्या मालकाची गाडी कुठे उभी आहे ते तुम्हाला दिसत राहतं.

दुसरी किल्ली शोधा. या गाड्यांची नवी किल्ली करायची तर शेकडो डॉलर लागतात आणि दोन किल्ल्या असलेल्या गाडीला लिलावातही बरा भाव येतो. चाकांचे कुलुपाचे नट असतील तर त्यांचा छोटा सॉकेट स्पेअर टायरच्या खाचेत असतो. तो नसला तर पुढच्या माणसाला चाक काढता येत नाही. सर्व्हिसची बिलं एका पाकिटात घालून पुढच्या कप्प्यात ठेवा, त्यांवरचा पत्ता झाकून. गाडीवर रीकॉलचं काही काम राहिलंय का ते व्हीआयएन टाकून सरकारी संकेतस्थळावर बघा; एअरबॅगचं काम राहिलं असेल तर ते डीलरकडे फुकट होतं, करूनच द्या.

३१ डिसेंबरच्या मुदतीसाठी तारीख धरली जाते ती गाडी संस्थेच्या ताब्यात गेल्याची. फोनवर कबूल केल्याची नव्हे. शेवटच्या आठवड्यात ट्रक मिळत नाहीत, म्हणून थँक्सगिव्हिंगच्या सुमारास हालचाल सुरू केलेली बरी. गाडी डिसेंबरात गेली आणि लिलाव फेब्रुवारीत झाला, तरी वजावट त्याच, म्हणजे गाडी दिलेल्या वर्षाची. १०९८-सी विक्रीनंतर तीस दिवसांत यायला हवा. संस्था गाडी स्वतः वापरणार असेल तर दान दिल्यापासून तीस दिवसांत. तो हातात आल्याशिवाय रिटर्नमध्ये आकडा टाकू नका, अंदाजाने तर नाहीच. एप्रिलपर्यंत आला नाही तर मुदतवाढ मागा, किंवा रिटर्न भरून टाकून नंतर सुधारित रिटर्न द्या.

कायमचे भारतात परतणाऱ्यांची या बाबतीत वेगळी अडचण असते. विमानाच्या आदल्या आठवड्यात गाडी घाईघाईने देऊन टाकली जाते आणि फॉर्म दोन महिन्यांनी रिकाम्या घरी येतो. संस्थेला इथल्या एखाद्या मित्राचा पत्ता आणि तुमचा चालू ईमेल द्या. अशा वर्षीचं रिटर्न ड्युअल-स्टेटस, म्हणजे वर्षाचा काही भाग रहिवासी आणि काही भाग अनिवासी असं, ठरलं तर स्टँडर्ड डिडक्शन मिळतच नाही, आयटमाइझच करावं लागतं. त्यामुळे एरवी वाया गेली असती ती वजावट त्या वर्षी उपयोगी पडू शकते. सामानाच्या खोक्यांवर चिठ्ठ्या लावायच्या आधी सीपीएकडून तेवढं विचारून घ्या.